भुकेची लाज कोणाची?

धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका निघते. तीत महागुरुस्वामींचा आशीर्वाद असतो, आजवर सेवा केलेल्या धर्मगुरूंची छायाचित्रे असतात, मंदिराच्या पायाभरणीची तारीख असते, शाळेच्या निकालाची टक्केवारी असते. आमच्या पाहण्यात आलेल्या अशा बहुतेक स्मरणिकांत एक गोष्ट मात्र नसते. ज्या माणसांनी हे धर्मग्राम उभे केले, ती माणसे इथवर कोणत्या अवस्थेत आली, त्यांच्या चुलीवर त्या वर्षी काय शिजत होते, किंबहुना काही शिजत होते की नाही, याविषयी एक ओळही नसते. इतिहास दगडी पायापासून सुरू होतो. पायाखाली जी भूक पुरली आहे तिचा उच्चार करणे आपण असभ्य मानतो.

या मौनाविरुद्ध आम्हांला आज लिहायचे आहे. हे मौन नम्रतेतून आले असे कोणी म्हणेल, तर आम्ही ते मान्य करणार नाही. ते लाजेतून आले आहे, आणि ती लाज आपली नाही. दुसऱ्याची लाज आपण चार पिढ्या डोक्यावर वाहत आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम हे पाहावे की आपली भाषा दुष्काळ विसरलेली नाही. संकटात संकट आले की आपण सहज म्हणतो, ‘दुष्काळात तेरावा महिना’. ज्या घरात कणगीचा तळ दिसत होता, त्या घरात अधिक मासाचे तीस दिवस कसे काढले असतील, याची आठवण त्या तीन शब्दांत साठवलेली आहे. एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटले’ असे वर्तमानपत्रे रोज छापतात. पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार, हे किती वाचकांना ठाऊक असेल? गावाचा दोन-दोन वर्षांचा दाणागोटा त्या पेवात असे, आणि ते उघडणे हा गावाच्या जीवनमरणाचा प्रसंग असे. पाऊस लांबला की आपल्या भागातील पोरे बेडूक बांधून दारोदार धोंडी मागत फिरतात. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या म्हटल्या जातात, आणि त्या झडत्यांतून सावकार, सरकार आणि पडलेला भाव यांचा जो समाचार घेतला जातो तो कोणत्याही अग्रलेखाला लाजवील असा असतो.

थोरांच्या आख्यायिकाही तेच सांगतात. इ. स. १३९६ पासून बारा वर्षे दख्खन होरपळली असे परंपरा सांगते, आणि त्या दुष्काळाला लोकांनी दुर्गादेवीचे नाव दिले. पंधराव्या शतकातील दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची बादशाही कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, आणि त्या धान्याची किंमत भरायला विठोबा विठू महाराच्या रूपाने बेदरला गेला, ही कथा मराठी मुलखात कोणाला ठाऊक नाही? १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पत्नी आणि मूल गेले; पुढे त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे सांगतात. या कथांचा निवाडा पाहा. लोकांनी कोठार उघडणाऱ्याची पूजा केली, कोठारावर कुलूप लावून बसलेल्याची केली नाही. देणेकऱ्याला त्यांनी दोषी ठरवले नाही. दुष्काळात लाज कोणाला वाटली पाहिजे, याविषयी जुन्या लोकांच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. तो आपल्या मनात केव्हा शिरला?

आपल्या वऱ्हाडाचेच उदाहरण घेऊ. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. १८५३ साली हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर पडली. १८६७ पर्यंत आगगाडी भुसावळ-बडनेऱ्यावरून नागपुरास पोचली. कापूस वाढला आणि ज्वारीची जमीन त्याच्याखाली जाऊ लागली. पूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य घालून मुलूखभर लदेणी करीत. आगगाडीने त्यांचा धंदा बसवला. पेवांत साठवण्याचे धान्य बाजाराच्या वाटेला लागले. सोने आले खरे, परंतु ते कुणब्याच्या घरी थांबले नाही. आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्यातून सावरण्यापूर्वीच १८९९ चा पाऊस दडी मारून बसला. गुजरात-राजस्थानात ज्याला संवत १९५६ वरून ‘छपनियो’ म्हणतात, तोच हा दुष्काळ. आपला यवतमाळ जिल्हा त्या वेळी वणी जिल्हा या नावाने ओळखला जात होता.

१८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ साली ती सुमारे २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत जी वाढ व्हायला हवी होती ती तर झाली नाहीच, उलट १ लाख ४३ हजार माणसे कमी झाली. वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवर ग्रंथ लिहिणारे इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी दाखवून दिले आहे की, याच दुष्काळाच्या काळात वऱ्हाडातून कापसाच्या गाठींबरोबर धान्यही बाहेर जात होते. याहून अधिक काय सांगावे? १८८० च्या दुष्काळ आयोगानेच मान्य केले होते की, दुष्काळात धान्यापेक्षाही रोजगाराची वाण अधिक असते. म्हणजे दाणा होता. तो विकत घेण्याचे बळ माणसांच्या हाती नव्हते. अशा वेळी जो उपाशी राहिला त्याने लाजावे, की ज्याने गाड्या भरल्या त्याने?

आता आपल्या मौनाच्या मुळाकडे येऊ. दुष्काळाच्या त्या वर्षांत महाराष्ट्रातील अनेक मिशनांनी अन्नछत्रे चालवली, अनाथ मुले सांभाळली, कामे काढली. त्या मुलांतून आणि त्या कुटुंबांतून कित्येक जण ख्रिस्ती झाले. आणि तेव्हापासून आपल्या कानांवर एक वाक्य पडत आले आहे: ‘तुम्ही भाकरीसाठी बाटलात.’ हे वाक्य शाळेच्या मैदानावर ऐकू येते, कचेरीत ऐकू येते, निवडणुकीच्या दिवसांत तर मोठ्याने ऐकू येते. त्याला उत्तर म्हणून आपण दुष्काळच पुसून टाकला. आपले पूर्वज जणू भरल्या पोटी, शास्त्रार्थ करून, ख्रिस्तसभेत आले, असा एक सोयीस्कर इतिहास आपण रचला.

ज्यांना ही लाज टोचते त्यांनी क्षणभर आयर्लंडकडे पाहावे. तो देश दूर असला तरी आपला त्याच्याशी असलेला संबंध दूरचा नाही. १८४५ पासून तेथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व तापाने मेली. तेवढीच माणसे देश सोडून गेली. त्या वेळी लंडनच्या तिजोरीतून मदतकार्याचे सूत्र हलवणारे चार्ल्स ट्रेव्हेलियन या आपत्तीत ईश्वरी योजना पाहत होते. पुढे तेच गृहस्थ १८५९ साली मद्रासचे राज्यपाल आणि नंतर हिंदुस्थान सरकारचे अर्थमंत्री झाले. उलट मेयो परगण्यात १८४४ साली जन्मलेले, बालपणीच तो दुष्काळ पाहिलेले कॅथॉलिक गृहस्थ सर अँटनी मॅकडॉनेल हे १९०१ च्या हिंदुस्थानी दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष होते. मदत वेळेवर सुरू करावी आणि लोकांचा धीर खचू देऊ नये, यावर त्या आयोगाने भर दिला. एकाच राज्ययंत्राने दोन्ही देशांची भूक मोजली, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या देशातही कढणाच्या वाटीवरून धर्माचा सौदा झाला. काही प्रॉटेस्टंट संस्थांनी कॅथॉलिक भुकेल्यांना अन्नाबरोबर आपला पंथही देऊ केला, आणि जे गेले त्यांना शेजाऱ्यांनी ‘कढण घेणारे’ हे कायमचे दूषण चिकटवले. म्हणजे जे दूषण इथे आपल्याला ऐकावे लागते, तेच तिथे कॅथॉलिकांनी आपल्याच उपाशी शेजाऱ्यांना दिले! हे वाचून कोणाही कॅथॉलिकाने अंतर्मुख व्हावे. परंतु त्याच लोकस्मृतीने क्वेकर पंथीयांचे नाव आदराने जपले, कारण त्यांनी अन्न देताना कोणाचा पंथ विचारला नाही. देणारे कसे द्यावे हे जाणत होते की नाही, हे घेणाऱ्यांच्या नातवंडांनी अचूक लक्षात ठेवले.

त्यांनी ते कसे जपले हे अधिक महत्त्वाचे आहे. १९३५ साली आयर्लंडमध्ये लोकपरंपरा आयोग स्थापन झाला. १९३७-३८ मध्ये सुमारे पाच हजार शाळांतील पन्नास हजारांच्या आसपास मुलामुलींना वह्या देण्यात आल्या आणि सांगण्यात आले: घरी जा, आजीआजोबांना विचारा, ते सांगतील तसे लिहून आणा. १९४५ मध्ये, दुष्काळाच्या शताब्दीनिमित्त, केवळ दुष्काळाच्या आठवणींसाठी स्वतंत्र प्रश्नावली गावोगाव पाठवली गेली. त्यांतून काय निघाले? दुष्काळात माणूस जिथे पडून मेला तिथे उगवलेले ‘भुकेले गवत’, ज्यावर पाय पडला तर वाटसरूला एकाएकी प्राणांतिक भूक लागते आणि खिशातला भाकरीचा तुकडाच त्याला वाचवतो. शेजाऱ्याला शेवटचे पीठ देणाऱ्या बाईच्या घरचे पीठ न सरल्याच्या कथा, ज्या ऐकताना आपल्याला एलिया संदेष्टा आणि सारफथची विधवा आठवते. आणि आणखी एक गोष्ट अभ्यासकांच्या ध्यानात आली. सांगणारे पुष्कळदा म्हणत, ‘आमच्या घरी एवढी वेळ आली नव्हती, पलीकडच्या गावात मात्र माणसे मेली.’ प्रत्येक गावचा दुष्काळ पलीकडच्या गावात! वाचकहो, ही वाक्ये आपल्या ओसरीवर ऐकल्यासारखी वाटत नाहीत काय?

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात. ते आम्ही टाळणार नाही.

पहिला आक्षेप असा की, जुनी खपली काढून काय मिळणार? तरुण पिढीने पुढे पाहावे. हे म्हणणारांना आम्ही पवित्र शास्त्राकडे बोट दाखवतो. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली शेतकऱ्याला प्रथमफळांची टोपली वेदीपुढे ठेवताना आपल्या भटक्या, मूठभर, मिसरात उतरलेल्या पूर्वजाचे नाव मोठ्याने घ्यायला सांगितले आहे. तो पूर्वज मिसरात का उतरला? कनान देशात दुष्काळ होता म्हणून. योसेफाच्या भावांनी धान्य मागितले म्हणून. नामी बेथलेहेम सोडून मवाबात गेली तीही दुष्काळामुळेच, आणि तिच्या सुनेच्या वंशात दावीद राजा व प्रभू येशू जन्मले. आपल्या तारणाच्या इतिहासात उपाशी माणसे पानोपानी आहेत, आणि एकाही ठिकाणी त्यांच्या भुकेची लाज सांगितलेली नाही. भरल्या टोपलीपाशीच रिकाम्या पोटाची आठवण करावी, ही शास्त्राची आज्ञा आहे. आपण टोपली आणतो आणि आठवण घरी ठेवतो.

दुसरा आक्षेप असा की, हे लिहिले तर टीकाकारांच्या हाती आयते शस्त्र मिळेल. आमचे उत्तर असे की, ते शस्त्र त्यांच्या हाती आहेच, आणि आपल्या मौनाने त्याला धार चढली आहे. सत्य सांगावे. कुठे मदतीमागे अपेक्षा होती, तिथे ती होती असे सांगावे. तेवढे धैर्य ख्रिस्तसभेच्या अंगी असले पाहिजे. परंतु त्याच श्वासात हेही विचारावे की, गावच्या कोठाराला कुलूप असताना, सामाईक विहिरीवर ज्याला पाणी भरू दिले जात नव्हते अशा माणसापुढे कोणी भाकरी ठेवली, तर दोष भाकरी खाणाऱ्याचा कसा? आणि भाकरीने आलेला माणूस भाकरी मिळाल्यावर का परतला नाही? दुष्काळ दोन वर्षांत सरला. श्रद्धा चार पिढ्या टिकली. याचे उत्तर पोटात सापडणार नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर सर्वांपुढे आहे. १८७४ मध्ये मद्रास इलाख्यात दुष्काळाने त्यांचे आईवडील नेले. ती भूक त्यांनी कधी लपवली नाही. उलट १८९७ मध्ये आपले दुष्काळाचे अनुभव छापून प्रसिद्ध केले, आणि मध्यप्रांतातल्या व पुढे गुजरातेतल्या दुष्काळी मुलींना केडगावच्या मुक्तीत आश्रय दिला. आपली भूक उघड सांगणारी बाईच दुसऱ्याच्या भुकेला धावून गेली.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा आहे: आजीच्या गोष्टी म्हणजे इतिहास नव्हे. खरे आहे. आयर्लंडची लोकस्मृती धान्याने भरून बाहेर जाणाऱ्या जहाजांविषयीच बोलते. जकातीच्या नोंदी पाहिल्या तर १८४७ साली बाहेरून आलेले धान्य, विशेषतः मका, बाहेर गेलेल्यापेक्षा अधिक होते असे दिसते. मग आजी खोटे बोलली का? तिने जहाजे जाताना पाहिली होती. मका आला तोवर तिचा भाऊ गेला होता. जकातीच्या वहीत टनांचा हिशेब असतो, उशिराचा नसतो. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तरच सत्य दिसते. आपल्याकडे एक वही सरकारी दप्तरात सुरक्षित आहे. दुसरी अजून लिहिलीच गेली नाही. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे ओव्या, म्हणी, कहाण्या यांचे खंडच्या खंड सिद्ध केले. फ्रान्समधून पुण्यास येऊन राहिलेले गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एका परदेशस्थाला मराठी बाईचे जाते ऐकावेसे वाटले. आपल्याच धर्मग्रामातील आजीचे बोलणे आपल्याला ऐकावेसे वाटू नये?

हे सारे केवळ जुन्याची हौस म्हणून आम्ही लिहीत नाही. आपण यवतमाळ जिल्ह्यात राहतो. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने पत्नी व मुलांसह आयुष्य संपवले. त्यानंतर या जिल्ह्याचे नाव देशाला कशासाठी ठाऊक झाले हे सांगणे नको. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत आपला जिल्हा होता. २०१९ साली यवतमाळात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झाले. या मृत्यूंची कारणे कापसाच्या भावात, पतपुरवठ्यात, पाण्यात आहेत, आणि त्यांची चर्चा जाणकार करीत आहेत. धर्मगुरू म्हणून आम्हांला जे दिसते तेवढेच आम्ही सांगतो. कर्जात बुडालेला माणूस प्रथम बोलणे सोडतो. तो मिस्सेला मागच्या रांगेत बसतो, नंतर येईनासा होतो. घरच्यांनाही आकडा सांगत नाही. हे गप्प राहणे त्याला कोणी शिकवले? घरात कधीच कोणी उपाशी नव्हते, असे सांगणाऱ्या प्रत्येक पिढीने शिकवले. पणजोबाने भूक सोसली, मदत मागितली, मदत घेतली आणि ताठ मानेने जगला, हे त्या मुलाला ठाऊक असते तर मदत मागणे त्याला मरणाहून कठीण वाटले नसते, अशी आमची धारणा आहे. म्हणून या मौनाला आम्ही निरुपद्रवी म्हणत नाही.

भूक सांगितल्याने काय होते याचा दाखलाही आपल्यापाशी आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, ते याच जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुलीचे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी त्या वेळी राज्यभर राबवली गेली. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे कामांवर होती. खडी फोडून हाताला घट्टे पडले, मिलो नावाची तांबडी ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले, परंतु १८९९ प्रमाणे माणसे रस्त्याकडेला मेली नाहीत. १९७७ साली त्या कामाचा कायदा झाला, आणि २००५ साली देशाने तो कित्ता गिरवला. मोर्चे काढून, घमेली वाजवून, लोकांनी आपली भूक चव्हाट्यावर सांगितली म्हणून भिकेचा हक्क झाला.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पुढच्या महोत्सवाची वाट न पाहता प्रत्येक धर्मग्रामाने याच वर्षी एक कोरी वही घ्यावी. १९७२ साली दहा वर्षांची असलेली मुले आज साठी ओलांडून गेली आहेत. १९०० सालची दहा वर्षांची पोर म्हातारी होऊन ज्या नातींना गोष्टी सांगून गेली, त्या नाती आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलामुलींनी त्यांच्यापाशी जाऊन विचारावे: त्या साली तुम्ही काय खाल्ले? तरोट्याची भाजी किती दिवस खाल्ली? मोहाची फुले कोणी वेचली? कोणाचे पेव उघडले, कोणाचे उघडले नाही? कोणी दिले, आणि देताना काय विचारले? गाव सोडून कोण गेले, आणि परत कोण आले नाही? उत्तर वऱ्हाडीत मिळाले तर वऱ्हाडीतच लिहावे, गोरमाटीत मिळाले तर तसेच उतरवावे. त्याला शुद्ध करू नये. ज्यांची नावे मृत्युनोंदीत नाहीत त्यांची नावे या वहीत येऊ द्यावीत. नोव्हेंबरात सर्व मृतांच्या स्मरणदिनी ती वही वेदीजवळ ठेवावी आणि त्यांतील नावे वाचावीत. आणि पुढची स्मरणिका निघेल तेव्हा तिचे पहिले पान पायाभरणीच्या छायाचित्राला न देता या वहीला द्यावे.

शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रभू आपल्याला ‘तुम्ही उपाशी का होता?’ असे विचारणार नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणे तो उपाशी माणसांच्या बाजूला उभा असेल, आणि प्रश्न कोठारवाल्यांना विचारला जाईल. लाज ज्याची त्याला परत करावी. आपल्या वाट्याला आठवण आली आहे; ती मुलांच्या हाती सोपवणे एवढेच आपले काम आहे.